घराच्या काँक्रीटला कोणता महिना? खोदाईपासून गच्चीपर्यंतचा हिशेब

‘दसऱ्याला कुदळ मारू आणि पुढच्या पावसाळ्याआधी राहायला जाऊ’ असं बहुतेक घरमालकांचं गणित असतं. गणित बरोबर आहे, फक्त त्यात स्लॅब नेमका कुठल्या आठवड्यात येतो हे कुणी मोजलेलं नसतं. परवानगीला महिनाभर उशीर होतो, दिवाळीला गेलेला कामगारांचा गट तीन आठवड्यांनी परततो, सेंट्रिंगवाला (काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा आणि टेकू उभारणारा) मध्येच दुसऱ्या साइटवर जातो. मग जानेवारीत टाकायचा स्लॅब एप्रिलच्या भर दुपारी पडतो आणि दुसऱ्या दिवशी भेगा दिसल्या की सगळे मिळून सिमेंटला नावं ठेवतात.

इथे उदाहरणाला घेतलेलं घर असं आहे: तळमजला आणि वर एक मजला, प्रत्येक मजला साधारण हजार चौरस फूट, आरसीसी (आत सळई घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा, गाव पुणे-सातारा-नगर या पठारी पट्ट्यातलं. कोकणात आणि विदर्भात हिशेब जिथे बदलतो, तिथे तसं सांगितलं आहे.

हवामान काँक्रीटचं काय करतं

काँक्रीट घट्ट होतं ते सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेने, वाळून नव्हे. ही क्रिया पुरी व्हायला आत घातलेलं पाणी आतच टिकावं लागतं आणि तापमान मध्यम असावं लागतं. २० ते ३० अंशांत काम सुरळीत चालतं. हवा ४० अंशांच्या वर गेली किंवा ५ अंशांच्या खाली उतरली तर काय करायचं, यासाठी आयएस ७८६१ हे वेगळं भारतीय मानक आहे. त्याचा पहिला भाग उन्हाळ्यासाठी आणि दुसरा थंडीसाठी.

उन्हात माल मिक्सरमधून निघून स्लॅबवर पोचेपर्यंतच घट्ट व्हायला लागतो. थापीखाली सरकत नाही म्हणून मिस्त्री ‘पाणी वाढव’ म्हणतो, आणि खरं नुकसान तिथे होतं. एका गोणीला २५ लिटरऐवजी ३० लिटर पाणी गेलं तर काँक्रीटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते. ते डोळ्यांना दिसत नाही. उलट त्या दिवशी काम छान गुळगुळीत झाल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ताज्या स्लॅबवरून पाणी किती वेगाने उडतं हे नुसत्या उन्हावर ठरत नाही; हवेतला दमटपणा, वारा आणि खुद्द काँक्रीटचं तापमान हे सगळं त्यात येतं. एका चौरस मीटरवरून तासाला लिटरभर पाणी उडायला लागलं की पृष्ठभागावर भेगा पडायची वेळ आली असं समजा. म्हणून रत्नागिरीत मे महिन्यात ३३ अंशांत टाकलेला स्लॅब दमट हवेत निभावून जातो, पण अकोल्यात मार्चच्या कोरड्या वाऱ्यात टाकलेल्या स्लॅबवर दोन तासांत भेगा येऊ शकतात.

पहिली पायरी: पावसापासून मागे मोजा

वेळापत्रक भूमिपूजनापासून पुढे मोजत गेलात तर फसाल. शेवटची तारीख आधी ठरवा. मोसमी पाऊस कोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि मुंबई-पुण्याकडे १० जूनच्या आसपास येतो. पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत हजर होता. त्यामुळे ‘७ जूनपर्यंत वेळ आहे’ हे सोडून द्या आणि १५ मे ही तारीख भिंतीवर लिहा. मग मागे यायचं ते असं:

- १५ मे: गच्चीचा कठडा, वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यांचे वाटे (भिंत आणि स्लॅबच्या सांध्यात भरलेली गोलाई) आणि पाणी भरून घेतलेली गळतीची चाचणी पूर्ण.
- मार्च आणि एप्रिल: वीटकाम, गिलावा.
- १० ते १५ फेब्रुवारी: वरचा स्लॅब.
- डिसेंबरअखेर किंवा जानेवारीचा पहिला आठवडा: पहिला स्लॅब.
- डिसेंबरचा पहिला आठवडा: जोत्यापर्यंत काम, भराव, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा आडवा बीम).
- ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा: खोदाई सुरू.
- सप्टेंबरअखेर: परवानगी हातात, आरसीसीचे नकाशे तयार, तात्पुरती वीजजोडणी आणि पाण्याची सोय झालेली.

दोन स्लॅबांमध्ये सहा आठवडे ठेवले आहेत. खालच्या स्लॅबचे टेकू दोन आठवडे तरी हलवायचे नसतात. वर कॉलम, मग सेंट्रिंगला दहा-बारा दिवस, सळईला चार-पाच, विजेच्या पाइपांना एक, आणि ऐनवेळी काहीतरी अडतंच. चार आठवड्यांत करून देतो म्हणणारा ठेकेदार भेटेल. त्याला टेकू कधी काढणार, एवढंच विचारा.

कामगारांचंही पंचांग असतं. उत्तरेकडचे सेंट्रिंगचे आणि गिलाव्याचे गट दिवाळी-छठला आणि होळीला गावी जातात, इथले बिगारी जूनमध्ये पेरणीला. दिवाळीची सुट्टी टळणार नाहीच, तेव्हा तिच्या आधी फुटिंग (कॉलमखालचा पायाचा काँक्रीटचा चौथरा) ओतून घ्या आणि त्या दिवसांत पाणी मारायला एक माणूस साइटवर राहील याची सोय करा. सुट्टीत कोरडं पडलेलं फुटिंग मातीखाली झाकलं जातं आणि पुन्हा कुणी बघत नाही.

वेळापत्रक महिनाभर घसरलं, म्हणजे वरचा स्लॅब मार्चच्या मध्यावर गेला, तर फार बिघडत नाही. खाली दिलेली उन्हाळी तयारी करा. दोन महिने घसरलं तर दिवसा स्लॅब टाकायचा विचार सोडा. तीन महिने घसरलं तर तो मेच्या मध्यावर येतो आणि मग एकच बघायचं: सेंट्रिंग उभं आहे का? उभं असेल आणि सळई बांधलेली असेल तर कोरडा दिवस गाठून, ताडपत्री हाताशी ठेवून टाकून मोकळे व्हा. चार महिने पावसात प्लाय फुगतो, सळई गंजते आणि सेंट्रिंगचं भाडं चालूच राहतं. उभं नसेल तर लिंटलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या पट्टीपर्यंत) काम आणून थांबा. कॉलमच्या वर निघालेल्या सळयांना घट्ट सिमेंट स्लरीचा हात मारा. दिवाळीनंतर तारेच्या ब्रशने सुटा गंज आणि स्लरी दोन्ही काढून पुढे जा.

दुसरी पायरी: कुठलं काम कधी

खोदाई आणि फुटिंग. काळ्या मातीच्या भागात हे काम पाऊस ओसरल्यावरच करा. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर पाया टेकवायचाच नाही, खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जायचं. पावसाळ्यात खड्ड्याच्या बाजू ढासळतात आणि तळ लोण्यासारखा मऊ होतो. खोदताना शेवटची १५ सेंटिमीटर माती तशीच ठेवा आणि ज्या दिवशी पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट) ओतायचं त्याच दिवशी सकाळी काढा. मध्येच पाऊस येऊन खड्डा भरलाच तर पाणी उपसून मऊ झालेला थर खरवडून टाका. तेवढी खोली मातीने परत भरायची नाही, पीसीसीनेच भरायची. कोकणात भूजल दिवाळीपर्यंत वरच असतं, तिथे फुटिंग डिसेंबरात नेलेलं बरं. कोकणात पाऊसही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लांबतो. पण एप्रिल-मे पठारापेक्षा सौम्य असल्याने हंगामाच्या शेवटी तेवढी सवड मिळते.

जोत्याचा भराव. जोतं भरून एक पावसाळा तसंच ठेवायची जुनी रीत आहे. तिचा उद्देश खरा होता: पाण्याने भराव बसतो. पण मुरमाचे १५ ते २० सेंटिमीटरचे थर घालून, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकलं तर वर्षभर थांबायची गरज नाही. खोदाईतून निघालेली काळी माती भरावात ढकलली असेल तर मात्र एक पावसाळा काय, दोन गेले तरी फरशी खचणारच.

जमिनीखालची पाण्याची टाकी. हिला सगळ्यात कमी लक्ष मिळतं आणि सगळ्यात नेमकी वेळ लागते. जानेवारी ते एप्रिल, जमिनीतलं पाणी खाली असताना बांधा. काँक्रीट पुरेसं मुरलं की आत पाणी भरून गळती बघा, आणि जून लागायच्या आत टाकी भरलेली ठेवा. पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी वर आलं आणि टाकी रिकामी असली तर ते तिला खालून वर उचलतं. टाकी तिरकी होते, पाइपांचे सांधे तुटतात. सेप्टिक टँकलाही हेच लागू.

अंगणातलं आणि गाडी लावायच्या जागेचं काँक्रीट शेवटी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, घराभोवतीचा भराव एक पावसाळा खाऊन बसल्यावर करा. चार इंची जाडीला दोन्ही दिशांनी अडीच-तीन मीटरवर, इंचभर खोल खाचा कापाव्या लागतात. थंडीत ओतल्यानंतर १२ ते १८ तासांत कापल्या तरी चालतं. एप्रिलमध्ये सहा-आठ तासांतच कटर लावला नाही तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने फाटतं.

वीटकाम आणि गिलावा मार्च-एप्रिलमध्ये चालतो. विटा भिजवून घ्या, दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींचा गिलावा उन्हं कलल्यावर करा, आठवडाभर पाणी मारा.

तिसरी पायरी: स्लॅबचा माल आणि वेळ मोजा

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे साडेअकरा घनमीटरच्या पुढे काँक्रीट. बीम धरून १५ घनमीटर मोजा. एम२० या ताकदीच्या काँक्रीटला १ : १.५ : ३ (सिमेंट : वाळू : खडी) या प्रमाणाने घनमीटरला आठ गोण्या, म्हणजे १२० गोण्या सिमेंट. एका गोणीच्या मिक्सरला एका फेऱ्याला चार मिनिटं धरली तरी आठ तास. सकाळी सातला सुरू केलेलं काम तीनच्या आधी संपत नाही, आणि चहा-जेवण धरलं तर पाच वाजतात. थोडक्यात, एका मिक्सरवर दुपार टळत नाही. थंडीत त्याची अडचण नाही. मार्चपासून पुढे एकतर दोन मिक्सर लावा, नाहीतर आरएमसी (प्लांटवरून गाडीने येणारं तयार काँक्रीट) मागवा. १५ घनमीटर म्हणजे सहा घनमीटरच्या तीन गाड्या, पंपाने तीनेक तासांचं काम. गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी झाली पाहिजे असं तयार काँक्रीटचं मानक आयएस ४९२६ सांगतं. चलनावर भरल्याची वेळ छापलेली असते, ती आधी बघा. प्लांटवाल्याला तापमान सांगून माल उशिरा सेट होणारं रसायन घालून घ्या. साइटवर ड्रममध्ये पाइपने पाणी सोडू देऊ नका.

समुद्रकाठच्या गावात एम२० चालत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मुख्य भारतीय मानकात किनारी हवामान ‘तीव्र’ गटात धरलं आहे आणि त्याला किमान एम३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पर्यंत आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण (कव्हर) लागतं. हे फरम्याने (वाळू-खडी मोजायच्या खोक्याने) होणारं काम नाही, मिक्स डिझाइनच (प्रयोगशाळेत ठरवून घेतलेलं प्रमाण) हवं.

उन्हाळ्यात स्लॅब टाकायचाच झाला तर

लोक पहाटेची वेळ निवडतात. विदर्भात मेमध्ये संध्याकाळ जास्त चांगली. पहाटे चारला सुरू केलेला स्लॅब दहाला संपतो आणि नेमका सेट होत असताना, म्हणजे सगळ्यात नाजूक तासांत, डोक्यावर ऊन येतं. संध्याकाळी पाच-साडेपाचला सुरू केलं तर तो रात्रभर थंडाव्यात सेट होतो आणि पहिलं ऊन पडेपर्यंत त्याच्यावर पाणी बांधता येतं. यासाठी हॅलोजन, जनरेटर आणि रात्री थांबायला तयार असलेला गट लागतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

माल थंड कसा करायचा? काँक्रीटचं तापमान एका अंशाने उतरवायला सिमेंट आठ अंश, पाणी चार अंश किंवा खडी-वाळू दोन अंश थंड करावी लागते. सिमेंट थंड करणं आपल्या हातात नाही. कारखान्यातून थेट आलेली गरम गोणी दोन दिवस सावलीत ठेवा, बस. सगळ्यात जास्त फळ खडीला मिळतं. ढीग हिरव्या जाळीखाली ठेवा आणि दुपारपासून त्यावर फवारा मारत राहा. पाणी काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं नको, जमिनीखालच्या टाकीतलं घ्या. बर्फाची लादी टाकलीत तर मिक्सरमध्ये पाणी जायच्या आत ती वितळलेली असली पाहिजे. ओतताना माल ४० अंशांच्या वर असता कामा नये. साधा धातूचा दांडीवाला थर्मामीटर घमेल्यात खुपसून बघता येतं.

ओतण्याआधी प्लाय आणि सळई पाणी मारून थंड करा. तापलेल्या सळईला लागलेला माल तिथल्या तिथे पाणी सोडतो. मात्र तळाशी डबकी राहू देऊ नका.

आता पृष्ठभागाकडे नीट बघत राहायचं. ओतून, नीडल (माल दाबून बसवणारं व्हायब्रेटर) फिरवून, रंधा मारल्यावर वर पाण्याची चकाकी येते. ती चकाकी आहे तोवर वरचा थर सुरक्षित आहे. ती विझून पृष्ठभाग मळकट दिसायला लागला की त्याच क्षणी ओलं गोणपाट किंवा प्लॅस्टिक अंथरायचं. सगळा स्लॅब संपायची वाट बघायची नाही, जितका भाग झाला तितका झाकत जायचं. वाऱ्याच्या बाजूला पाच-सहा फूट उंच जाळी किंवा ताडपत्री बांधली तर फरक लगेच जाणवतो.

उशीर झाला तर एक ते चार तासांत भेगा दिसतात: एकमेकींना समांतर, बहुधा तिरप्या, फूट-दोन फूट अंतराने, वर रुंद आणि खाली बारीक होत जाणाऱ्या. अंगठा दाबून बघा. ठसा उमटत असेल तर काँक्रीट अजून कच्चं आहे. लाकडी थापीने जोरात ठोकून भेगा बंद करा, हलका फवारा मारा आणि लगेच झाका. ठसा उमटत नसेल तर छेडू नका. कोरडं सिमेंट भुरभुरवून वरून घोटणं हा उपाय नव्हे. तो पापुद्रा पावसाळ्यात सुटतो. अशा भेगा पाणी मारण्याचा काळ संपल्यावर इंजिनिअरला दाखवून ग्राउटने भरून घ्या.

पाण्याचा हिशेब आधी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ मालाचे बांध घालून आळी करायची आणि दोन इंच पाणी साठवायचं. ९३ चौरस मीटरला ते पाच हजार लिटरच्या जवळ जातं, म्हणजे पहिल्या दिवशीच एक टँकर. पुढे एप्रिलच्या कोरड्या हवेत रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं; रोजचे सातशे ते नऊशे लिटर वेगळे ठेवा. आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला सात दिवस, कोरड्या-उष्ण हवेत दहा, आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १४ दिवसांपर्यंत पाणी द्यावं. दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसीच असतं, तेव्हा १४ धरून चाला. मराठवाड्यात मेमध्ये स्लॅब टाकू नये असं म्हणण्याचं खरं कारण ऊन नाही, हे पाणी आहे.

पाण्याचा दर्जाही उन्हाळ्यात घसरतो. बोअर खाली गेली की पाणी खारट होतं. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. चवीला मचूळ लागत असेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. खाऱ्या पाण्याने सळई आतून गंजते आणि ते कळायला आठ-दहा वर्षं लागतात.

कॉलमला कुणी पाणी मारत नाही, म्हणजे मारतात, पण दिवसातून दोनदा पाइप फिरवतात. उन्हाळ्यात ते अर्ध्या तासात सुकतं. गोणपाट गुंडाळून, भिजवून, वरून प्लॅस्टिक बांधा.

वळीव

एप्रिल-मेमध्ये पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात दुपारी तीननंतर ढग चढतात आणि तासाभरात झोडपून जातात. आदल्या रात्रीचा अंदाज पुरेसा नाही. हवामान खात्याच्या ‘मौसम’ ॲपवर पुढच्या तीन तासांचा इशारा आणि रडारचं चित्र मिळतं. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. उघड्या स्लॅबवर सळईच्या जाळीत उभ्या असलेल्या माणसांना विजेचा धोका सगळ्यात जास्त, त्यामुळे गडगडाट ऐकू आला की काम थांबवून सगळ्यांना खाली उतरवा. माल वाया गेला तरी चालेल.

पावसाळ्यात काम चालू ठेवायचं असेल तर

‘मेअखेर स्लॅब टाका, पुढे पाऊस फुकट पाणी मारतो’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. अर्धा बरोबर आहे. स्लॅब सेट झाल्यावर आलेला पाऊस त्याला चांगलाच. पण पाऊस सलग पडत नाही. मध्ये चार दिवस उघडीप आली की ठेकेदार वर फिरकत नाही आणि तोच स्लॅब सुकतो. आळी बांधायचीच, पाऊस असो वा नसो.

जुलै-ऑगस्टमध्ये ओतताना सगळ्यात मोठी चूक वाळूत होते. ओल्या वाळूचं आकारमान वाढतं. १ : १.५ : ३ ला गोणीमागे ५२ लिटर वाळू लागते; ती ओली असेल तर फरम्यात तेवढीच भरूनही प्रत्यक्षात कमी पडते आणि काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात. तपासणं सोपं आहे. सरळ उभ्या भांड्यात ओली वाळू २० सेंटिमीटरपर्यंत सैल भरा, वर पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. ती १६ सेंटिमीटरवर आली तर फुगवटा २५ टक्के. मग ५२ ऐवजी ६५ लिटर मोजायची. शिवाय त्या वाळूत गोणीमागे चार-पाच लिटर पाणी आधीच असतं, ते २५ मधून वजा करा. हे दोन्ही न करता ‘नेहमीसारखा’ माल केला तर तो खडबडीतही होतो आणि पातळही.

वाळू मिळण्याचा प्रश्न वेगळाच. पावसाळ्यात नदीतून वाळू काढायला बंदी असते, त्यामुळे भाव चढतात आणि मातीमिश्रित माल येतो. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेत असाल तर तिचा ढीगही झाकून ठेवा.

सिमेंट भिंतीपासून दीड-दोन फूट दूर, जमिनीपासून अर्धा फूट उंच फळ्यांवर, दहा गोण्यांपेक्षा उंच थप्पी न लावता, वरून प्लॅस्टिकने झाकून ठेवा. गोणीवर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासणीशिवाय स्लॅबला वापरू नका. हाताने न फुटणारे गोळे झालेली गोणी तर नाहीच.

टेकूंच्या तळाशी रुंद फळ्या द्या. ओल्या भरावावर विटेच्या तुकड्यावर उभा केलेला टेकू ओतताना दोन सेंटिमीटर खचतो आणि स्लॅबला कायमचं पोट येतं.

हजार चौरस फुटांना किमान तेराशे चौरस फूट जाड प्लॅस्टिक किंवा ताडपत्री, शिवाय ती माल न दाबता वर धरायला बांबू, हे काम सुरू व्हायच्या आधी स्लॅबवर हवं. आणि स्लॅब अर्ध्यात थांबवायची वेळ आली तर कुठे थांबायचं, हे इंजिनिअरकडून आधीच नकाशावर खुणावून घ्या. साधारणपणे दोन आधारांच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात, उभी फळी लावून. उतार करून सोडलेला माल हा पुढच्या वर्षीच्या गळतीचा पत्ता आहे. पुन्हा सुरू करताना तो सांधा तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन, स्लरी मारून मग नवा माल टाका.

ओतल्यावर दोन तासांत जोराचा पाऊस आला आणि वरचं सिमेंट धुऊन खडी उघडी पडली तर पाणी काढून टाका, सुटा चिखल खरवडा आणि झाका. त्यावर त्याच वेळी कोरडं सिमेंट टाकायचा मोह आवरा. काँक्रीट पक्कं झाल्यावर किती खोल धुपलं ते बघून दुरुस्ती ठरते.

थंडी: सगळ्यात चांगला काळ, दोन अपवादांसह

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पठारावर स्लॅबचा खरा हंगाम. पण निफाड, नाशिक, महाबळेश्वर, नागपूर भागात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली उतरतं, निफाडला तर कधी पाचच्याही खाली. अशा दिवसांत संध्याकाळी स्लॅब टाकू नका. सकाळी आठ-नऊला सुरू करा म्हणजे सेट होताना उन्हाची ऊब मिळते, आणि रात्री वर गोणपाटाचे दोन थर किंवा भाताचा पेंढा अंथरा. संध्याकाळी टाकलेला माल रात्री दोनपर्यंत ओलाच राहतो आणि कंटाळलेला मिस्त्री लवकर घोटून मोकळा होतो. तिथेच पुढे वरचा थर भुकटीसारखा निघतो.

दुसरा अपवाद वाऱ्याचा. फेब्रुवारीत हवा गार असली तरी कोरडी असते, आणि दुपारी वारा सुटतो. थंडी आहे म्हणून झाकलं नाही आणि भेगा पडल्या, असं दरवर्षी होतं. चकाकी बघून झाकायचा नियम बारा महिने तोच.

सेंट्रिंग काढण्याचे दिवस

आयएस ४५६ मधले आकडे असे: कॉलमच्या आणि बीमच्या बाजूच्या फळ्या १६ ते २४ तासांनी, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवसांनी, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवसांनी, त्याहून लांब बीमला २१. हे आकडे ओपीसी सिमेंट आणि १५ अंशांच्या खाली न जाणाऱ्या हवेसाठी आहेत. तुमच्याकडे पीपीसी आहे आणि जानेवारीची रात्र आठ अंशांची आहे, तर ते जसेच्या तसे लावू नका. स्लॅबचेही टेकू दोन ते तीन आठवडे ठेवा. वर पुढच्या मजल्याचं सेंट्रिंग उभं राहणार असेल तर खालच्या स्लॅबखाली काही टेकू तसेच राहू द्या, कारण ओल्या काँक्रीटचं सगळं वजन त्याच्यावरच येणार आहे.

१५ घनमीटरला क्यूबचे (ताकद तपासायला त्याच मालातून ओतलेल्या ठोकळ्यांचे) दोन नमुने घ्या, प्रत्येकात १५ सेंटिमीटरचे तीन क्यूब. सात दिवसांच्या चाचणीसाठी तीन वेगळे. सात दिवसांच्या आकड्यावरून काही घटलं का ते लवकर कळतं, आणि टेकू कधी काढायचे हा वाद ठेकेदाराशी घालताना हातात कागद असतो.